शिवी, शाप, आण: बेळगावच्या दोन भाषांत कोणता शब्द किती लागतो

'शिव्याशाप' असा जोडशब्द आपण सर्रास वापरतो, पण शिवी आणि शाप यांची कामं वेगळी आहेत. शिवी समोरच्याला नाव ठेवते: तू अमुक आहेस, तुझी आई तमुक आहे. शाप त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल बोलतो: तुझं वाटोळं होवो. तिसरी आण, म्हणजे शपथ. नीट पाहिलं तर तो माणसानं स्वतःलाच घातलेला अटीचा शाप असतो: खोटं बोलत असेन तर माझं वाईट होवो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात या तिन्ही कामांसाठी माणसाच्या तोंडी मराठी आणि कानडी असा दुहेरी साठा असतो. भांडणं वाढतात ती पुष्कळदा या दोन साठ्यांच्या सांध्यावर.

आधी शाप, कारण तो जुना आणि त्याचं व्याकरण मजेदार.

पुस्तकी मराठीत शाप 'ओ'कारान्त असतो: होवो, जावो, पडो. गावाकडच्या बाया मात्र शाप देताना भूतकाळ वापरतात. 'तुझा मुडदा बशिवला', 'जळ्ळं तुझं तोंड', 'वाटोळं झालं तुझं'. घडावं अशी इच्छा आहे ती गोष्ट घडून गेल्यासारखी बोलायची, म्हणजे देवाला विचार करायला जागाच ठेवायची नाही. 'मेल्या' हे संबोधन त्यातलंच. समोर जिवंत उभ्या असलेल्याला मेलेला म्हणून हाक मारणं, हा मुळात पूर्ण शाप आहे. तो इतका झिजला की आज आजी नातवाला 'मेल्या, जेवून जा' म्हणते आणि कुणाला काही वाटत नाही. निर्जीव वस्तूही त्यातून सुटत नाहीत: मेला पाऊस, मेलं कुलूप. कानडीत नेमकी हीच चाल आहे. 'हाळागली' म्हणजे नाश होवो, हा सरळ शाप. पण रोजच्या बोलण्यात येतं 'हाळाद्दु', म्हणजे नाश झालेलं. 'हाळाद्दु मळी' आणि 'मेला पाऊस' ही एकच वाक्यं.

'मुडदा बशिवला' यातलं 'बसवणं' शहरी वाचकाला कोड्यात टाकतं. लिंगायत समाजात मृताला बसवून माती देतात, नाथपंथी आणि गोसाव्यांची समाधीही बसलेलीच असते. त्यामुळे सीमाभागात या वाक्याचं चित्र लगेच डोळ्यासमोर येतं. कानडी बाजूला याला जोड आहे 'निन्न हेणा एत्त' (तुझं मढं उचलो) आणि 'निन्न बायाग मण्ण हाक' (तुझ्या तोंडात माती घालो) यांची. दोन्ही भाषांत शाप मसणवटीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. पुढच्या नरकाची धमकी बायकांच्या शापात सहसा नसते. रोग मात्र असतात: 'पटकी येवो', 'मरीआई नेवो'. पटकी म्हणजे कॉलरा. रोगाचं हे नाव दवाखान्यातून कधीच गेलं, शापात मात्र राहिलं.

शापाला हातवारे लागतात. बोटं मोडणं सगळ्यांना माहीत आहे: दोन्ही हातांची बोटं समोरच्याच्या दिशेनं नेऊन, मग आपल्याच कानशिलाशी कडाकडा मोडायची. हेच हातवारे नातवाची दृष्ट काढतानाही करतात, तेव्हा फरक तोंडच्या शब्दांचा. दुसरी कृती माती उधळण्याची. कानडीत 'हिडिशाप' असा शब्दच आहे. हिडी म्हणजे मूठ, आणि हिडिशाप हाकणं म्हणजे तळतळून शाप देणं. कानडी वर्तमानपत्रात 'प्रवाशांनी परिवहन मंडळाला हिडिशाप घातला' अशा अर्थाचे मथळे सहज दिसतात. मराठीनं याच कामाला पूजेतलं माप घेतलं. देवाला लाख फुलं किंवा लाख पानं वाहतात ती लाखोली, आणि आपण शिव्यांची लाखोली वाहतो. मुठीनं मोजा नाहीतर लाखानं, मोजमाप दोन्हीकडे आहे.

शाप हा केवळ हतबल बाईचा उद्योग नव्हता, एके काळी ते कायद्याचं कलम होतं. जमीन दान दिल्याचा ताम्रपट किंवा शिलालेख कोरला की शेवटी शापवचन येई. दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्मेल, हा संस्कृत श्लोक दानपत्रांत ठरलेला असे. कानडी शिलालेखांत भर पडे ती वाराणसीला हजार कपिला गाई मारल्याच्या पापाची. सौंदत्ती आणि मग बेळगावातून राज्य करणाऱ्या रट्टांचा, हलशीच्या कदंबांचा हा सगळा मुलूख याच दानपत्रांच्या परंपरेतला. कोकणात आणि घाटावर शिलाहारांच्या काळापासून गधेगाळ, म्हणजे असा शाप कोरलेले दगड, सापडतात. वर चंद्रसूर्य, मध्ये मजकूर आणि खाली गाढव व बाई यांचं असं चित्र की शिवी वाचता न येणाऱ्यालाही कळावी. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी दगडात कोरलेली आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत लागू, असा त्याचा करार. राजा मेला, राज्य गेलं, अंमलबजावणीला माणूस उरला नाही तरी दानाला राखण हवी, म्हणून शाप.

आता शिव्या. सीमाभागातल्या दोन्ही भाषांतल्या पुष्कळ शिव्या एकाच सामाजिक भीतीभोवती फिरतात, ती म्हणजे विधवापण. 'रांड' या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. 'रंडकी' अजून गावात त्याच अर्थानं चालतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला रांडाव पुनव म्हणतात, कानडीत रंडी हुण्णिमे. जमदग्नी मारला गेला आणि देवी विधवा झाली तो दिवस, त्या दिवशी जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढे येते ती अहेव पुनव, देवी पुन्हा सवाशीण होते. इथं 'रांडाव' उच्चारताना कुणी शिवी देत नसतं. कानडीत 'मुंडे' म्हणजे केशवपन केलेली विधवा, 'बोळी' म्हणजे बोडकी. मराठीतली 'बोडकी' हीच. म्हणून 'रांडेच्या', 'मुंडे मग' आणि 'बोळी मग' या तिन्हींचा हिशेब एकच: तू विधवेचा मुलगा, म्हणजे बाप मेल्यावर झालेला, म्हणजे बापाचा पत्ता नसलेला. शिवी पुरुषाला, मार बाईच्या अंगावर. 'सूळे मग' (वेश्येचा मुलगा) ही त्याच्यापुढची पायरी. 'बोळी मग' दोस्तांच्या टोळक्यात हसून निघते. 'सूळे मग' तशी निघेलच याचा भरवसा नाही, आणि परक्या माणसानं म्हटली तर नाहीच.

रचनेत एक बारीक फरक आहे. मराठी शिवी षष्ठीवर थांबते: रांडेच्या, गाढवाच्या, कुत्र्याच्या. पुढचं 'पोरा' किंवा 'लेका' गळलेलं असतं. कानडी मुलगा टाकत नाही: 'मंग्यान मगन', माकडाच्या मुला. मात्र दोन्हीकडे उरलेला 'मुलगा' स्वतंत्रपणे फिरतो. मराठीत 'लेका', 'लेकाच्या'; उत्तर कर्नाटकाच्या कानडीत 'मगन'. शिवीचा दात पडून गेलेले हे शब्द मैत्रीत खपतात. 'मंग्यान मगन' तर धारवाड-बेळगावकडे लाडाचंच झालं आहे, आणि बेळगावची मराठी पोरंही ते सहज वापरतात.

आईवरच्या शिव्यांत दोन्ही भाषांनी तीच युक्ती केली. 'तिच्या आईला' पुढचं क्रियापद कधीच बोलायचं नाही. मग 'तिच्यायला', 'च्यायला', शेवटी 'आयला'. कानडीत 'निन्न अव्वन' (तुझ्या आईचं) याचं बोलीत झालं 'निन्नौन'. तिथेही पुढचा शब्द गिळलेला. ऐकणाऱ्याला गाळलेली जागा माहीत असते, बोलणाऱ्याला 'मी कुठं काय म्हटलं' म्हणायची सोय राहते. यावरून वजन मोजायचा एक खात्रीचा नियम निघतो. जागा मोकळी आहे तोवर तो उद्गार आहे, पंक्चर झालेल्या टायरलाही तो चालतो. जागा भरली, म्हणजे क्रियापद किंवा अवयव उच्चारला, की ती शिवी झाली. आणि 'तिच्या'चं 'तुझ्या' झालं की मारामारीची तयारी. कानडीत मात्र 'निन्न' म्हणजे 'तुझ्या' हे आधीपासूनच शब्दात बसलेलं आहे. म्हणून 'च्यायला'च्या हिशेबानं 'निन्नौन' वापरणारा मराठी माणूस अनोळखी कानडी माणसासमोर फसतो. मराठीत त्यानं हवेत सोडलेलं असतं, कानडीत ते समोरच्यावर जातं.

शिव्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी झाली. हलकट, लुच्चा, लफंगा, नालायक, बदमाश हा माल मराठी, कानडी आणि दख्खनी तिघींचा सामाईक. 'भाड्या' आणि 'भाडखाऊ' हे बाईच्या कमाईवर जगणाऱ्यासाठीचे मराठी शब्द कानडीत 'बाड्या', 'बाडकाव' होऊन नांदतात. कानडीतून मराठीत 'हुच्च' (वेडा) आला आणि 'खोडी' परत आली. मराठीत खोडी म्हणजे चाळा. कानडीत 'खोडी' म्हणजे तो चाळे करणारा माणूसच, आणि बेळगावी मराठीत दोन्ही अर्थ चालतात.

'भाड्या'चा 'बाड्या' झाला यात पुढच्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ आहे. बोली कानडीत महाप्राण सैल पडतो: भ चा ब, ख चा क. कानडीत 'बडव' म्हणजे गरीब माणूस. 'ना बडव अदीनी' म्हणणारा आपली गरिबी सांगतो आहे. मराठी कानाला त्यात भलताच शब्द ऐकू येतो, आणि कानडी माणूस 'भडवा' ही शिवीही 'बडवा' अशीच उच्चारू शकत असल्यानं नुसत्या आवाजावरून निवाडा करता येत नाही. वाक्य पाहायचं: स्वतःबद्दल बोलतोय की तुमच्याबद्दल? मराठीत पुन्हा बडवणे म्हणजे मारणे, ते वेगळंच.

असे फसवे शब्द आणखी आहेत. मराठी 'कुंडी' फुलझाडाची, कानडी 'कुंडी' म्हणजे ढुंगण. रोपवाटिकेत कानडी बाईला 'कुंडी दाखवा' म्हणताना आजूबाजूला हशा पिकतो तो त्यामुळे. कानडी 'गंड' म्हणजे नवरा, 'गंडस' म्हणजे पुरुष माणूस. मराठी पोरांना शाळेत हे शब्द कळले की आठवडाभर दुसरा विषय नसतो. मराठीत कुत्र्याला हाकलताना 'हाड', कानडीत 'हाड' म्हणजे गाणं, आणि 'हाड्री' म्हणजे गा की. मराठी बोलीतलं 'नाय' कानडी कानाला 'नायी' म्हणजे कुत्रा वाटू शकतं. आडनावंही सुटत नाहीत. 'सुळे' आणि 'मुंडे' ही मराठी आडनावं कानडीतल्या दोन शिव्यांच्या अगदी शेजारी जाऊन बसतात, तेव्हा हजेरी घेणारे कानडी मास्तर क्षणभर अडखळले तर त्यात वाईट वाटून घेऊ नये.

सगळ्यात जास्त चुका दोन अक्षरांच्या. 'हेळ' म्हणजे सांग, 'हेळ्री' म्हणजे सांगा. ळ चा ल झाला की 'हेल', म्हणजे विष्ठा. दुसरं, 'मुंदे' म्हणजे पुढे, बोलताना 'मुंद'. बसचा कंडक्टर दिवसभर 'मुंद बर्री, मुंद होग्री' (पुढे या, पुढे जा) ओरडतो तो हाच, दातांशी उच्चारलेला द. जीभ टाळूकडे वळून ड झाला तर मघाची बोडकी विधवा. मराठी माणसाला ळ आणि ड दोन्ही येतात, तरी चूक होते ती शिकण्याच्या पद्धतीनं. मोबाईलवर रोमन अक्षरांत कानडी वाक्यं लिहून घेतली की ल-ळ आणि द-ड एकाच अक्षरात जातात. म्हणून वाक्यं देवनागरीतच लिहून घ्यावीत, आणि पहिले काही दिवस 'हेळ्री' मुद्दाम जीभ वळवून म्हणावं.

शब्दात शिवी नसतानाही अपमान होतो, आणि बेळगावात निम्मी भांडणं त्यानं सुरू होतात. उत्तर कर्नाटकाच्या कानडीत आदर 'री' मध्ये असतो: बर्री (या), कुंडर्री (बसा), एन्री (काय हो). 'री' गाळून नुसतं 'बा' म्हटलं तर एकेरी, 'बाले' म्हटलं तर त्याहून खाली. 'ले' मित्राला, धाकट्याला किंवा शत्रूला. मराठी 'रे' बराच मवाळ आहे, अनोळखी पोराला 'ए, ऐक रे' चालतं; त्याच हिशेबानं 'एनले' म्हटलं की समोरच्याचा हात कॉलरला जातो. उलट बाजूनं, 'अहो-जाहो'ची सवय नसलेला कानडी माणूस मराठी बोलताना म्हाताऱ्यालाही 'तू कुठं जाऊलालास' म्हणतो. त्याच्या मनात अपमान नसतो, त्याला मराठीचं 'री' सापडलेलं नसतं इतकंच. त्यावर 'कुणाला बोलुलालास रे?' असं गुरगुरण्याआधी त्याचं बाकीचं वाक्य ऐकावं.

परभाषेतली शिवी आपल्या तोंडाला हलकी लागते, हे नुसतं वाटणं नाही. बहुभाषिकांच्या भावनांवर काम करणाऱ्या ज्याँ-मार्क दवेल यांनी 2004 मध्ये मांडलेल्या संशोधनाचा निष्कर्ष हाच होता: शिवीचा जोर सर्वांत जास्त पहिल्या भाषेत जाणवतो, नंतर शिकलेल्या भाषेत कमी. लहानपणी जी शिवी उच्चारल्यावर मार बसला, तिची धार राहते. म्हणून मराठी तरुण अवघड कानडी शिवी सहज फेकतो आणि ज्याला लागते त्याची ती मायबोली असते. ओरडणाऱ्याला शिवीचा उपयोग होतो, हेही तपासलेलं आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये दाखवलं की बर्फाच्या पाण्यात हात बुडवून शिवी घोकणारे, साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ तग धरतात. पुढच्या प्रयोगात दिसलं की दिवसभर शिव्या देणाऱ्याला हा फायदा कमी मिळतो.

आणेबद्दल थोडक्यात. शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एक: मराठी आण, कानडी आणे. देवाशप्पत म्हणजे देवराणे, आईशप्पत म्हणजे तायाणे. पोरांच्या 'आईशप्पत'ला आज 'बाप रे'पेक्षा जास्त अर्थ उरलेला नाही. खरी आण ओळखायची ती वस्तूवरून. यल्लम्माचा किंवा मंगसुळीच्या खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेलं, किंवा पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून बोललेलं अजून गावपंचायतीत मानलं जातं. बेलभंडार उचलणे हा वाक्प्रचार त्यातूनच आला. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, ही रीतही टिकून आहे.

राहता राहिला कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुने आकडे विसरावेत. भांडण पेटावं म्हणून जाणूनबुजून अपमान केला तर कलम 352 (जुनं 504), दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सार्वजनिक जागी अश्लील शब्दांनी इतरांना त्रास दिला तर कलम 296 (जुनं 294), तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईच्या विनयाचा अपमान करायच्या हेतूनं शब्द किंवा हातवारे केले तर कलम 79 (जुनं 509), तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. प्रत्येक घाण शब्द कायद्यानं अश्लील ठरत नाही. नुसती शिवीगाळ किंवा अपमानकारक शब्द म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं. 2024 मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यातही शिवराळपणा आणि अश्लीलता या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या.

जातीचं प्रकरण पूर्ण निराळं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, लोकांच्या नजरेसमोर, जातीवरून शिवी दिली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. 'आमच्यात असं बोलायची पद्धतच आहे' हा बचाव तिथं कामाचा नाही. म्हणींत आणि वाक्प्रचारांत जातींची नावं मुरलेली असतात, ती बोलणाऱ्याला शिवी वाटत नाहीत आणि ऐकणाऱ्याला वाटतात.

फिर्याद द्यायची वेळ आली तर कर्नाटकात ती कानडीत लिहिली जाते, आणि मराठी शिवीचा तिथं बहुतेकदा 'अवाच्य शब्दगळिंद बैदु' (अवाच्य शब्दांनी शिवीगाळ करून) एवढाच उतारा होतो. त्या साच्यातून शब्द कोणता होता हे कुणालाच कळत नाही, आणि नेमके शब्द नसलेली तक्रार न्यायालयात लंगडी पडते. म्हणून जे शब्द कानावर पडले ते जसेच्या तसे, मराठी असतील तर मराठीच, कानडी लिपीत लिहून घ्यायला सांगावं. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावेत. 'आईवरून बोलला' असं सौम्य करून सांगू नये. जागा कोणती, किती वाजले होते, ऐकणारे कोण होते, त्यांना ती भाषा कळते का, हेही नोंदवावं. खुणेची शिवी असेल तर हात कसा केला ते वर्णन करावं. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगावं, आणि कानडी वाचता येत नसेल तर येणारा माणूस बरोबर न्यावा. प्रथम माहिती अहवालाची प्रत फुकट मिळते. 352 हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे तो एकटाच असेल तर पोलीस नोंद घेऊन मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात. तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की नेमकं काय म्हणाला.